रात्री दोन वाजता तापणारा गिअरबॉक्स

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमचा नागपूरच्या पारडीला मंडप-डेकोरेशन अन् जनरेटर भाड्यानं द्यायचा धंदा आहे. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड डिझेल पिकअप घेतली, सिक्स स्पीड ऑटोमॅटिक, मागं हुक लावून ६२ केव्हीएचा सायलेंट जनरेटर ट्रॉलीवर ओढतो. धरमकाट्यावर वजन केलं, ट्रॉलीसकट १८०० किलो भरलं, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या आतच आहे. यंदा सीझनमध्ये सिवनीकडची चार-पाच लग्नं होती आणि तिथूनच हे झंझट सुरू झालं, येताना गिअर ऑइलच्या टेंपरेचरचा लाइट लागून राहिला. मोबाइलला जोडायचा स्कॅनर घेतला, त्याच्यात पाहिलं तं दुपारी जाताना ४४ डिग्री उन्हात कुरईचा घाट चढूनही ९६-९८ च्या वर जात नाही, अन् रात्री दोनला येताना रस्ता रिकामा, घाट उतरायचा, हवा थंड, तरी ११६-११८! ट्रॉली सोडली की गाडी एकदम गार, मग दिवस असो की रात्र. एक मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स खोला, सव्वा लाख लागतील. दुसरा म्हणतो मोठा कूलर बसवा. तिसरा म्हणतो उन्हाळा आहे, चालतंच. ऑइल लालच आहे, थोडं काळसर, जळका वास नाही. आणि हो, येताना पोरगा क्रूझ कंट्रोल (ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता एकाच स्पीडनं चालायचं बटण) लावायला जातो तं लागत नाही, पण ते काही एवढं महत्त्वाचं नाही. गिअरबॉक्स खोलू का नको तेवढं सांगा.
— एक वाचक, पारडी

उत्तर : नका खोलू. निदान आत्ता तरी नका.

भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी टाकली आणि वरून म्हणता महत्त्वाची नाही. ते क्रूझ कंट्रोल. आणि दुसरी कामाची गोष्ट म्हणजे हे उलटं गणित, की उन्हात चढावर गार अन् रात्री उतारावर गरम. तिसरा मेकॅनिक उन्हाळा म्हणतो, पण रात्री दोनला कुठला आला उन्हाळा? कूलर लहान पडत असता किंवा जाळी कचऱ्यानं बुजली असती तर गाडीनं आधी दुपारी घाटात हात टेकले असते. क्लच प्लेटा गेल्या असत्या तर चढावर, जिथं सगळ्यात जास्त जोर लागतो तिथं, आरपीएम वर पळाले असते आणि ऑइलला जळका वास आला असता. म्हणजे यंत्र ठीक आहे, दिवसा जे काम ते बरोबर करतं तेच रात्री कोणीतरी करू देत नाही.

आता रात्री असं काय वेगळं असतं? लाइट. तुम्ही रात्री लाइट लावता, बस.

थोडं मागून सांगतो म्हणजे लिंक लागेल. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समजा दोन पंखे तोंडाला तोंड लावून ठेवलेत आणि मध्ये ऑइल, एक पंखा इंजिन फिरवतं, तो ऑइल फेकतो आणि त्या ऑइलच्या माऱ्यानं दुसरा पंखा फिरतो. ही आयडिया १९०५ ची आहे, हरमान फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं जहाजासाठी काढलेली. गोष्ट झकास, पण दुसरा पंखा पहिल्यापेक्षा नेहमी थोडा मागं राहतो आणि हा जो फरक राहतो त्याची सगळी उष्णता ऑइलात जाते. म्हणून आत एक लॉक-अप क्लच देतात, गाडी लयीत आली की तो दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट धरतो, फरक जवळजवळ संपतो, उष्णताही संपते. पॅकार्डनं १९४९ ला आपल्या अल्ट्रामॅटिकमध्ये हा लॉक-अप दिला, आज तो जवळजवळ प्रत्येक टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत असतो आणि मागं १८०० किलो असले की सगळा खेळ त्याच्यावरच असतो.

हा लॉक-अप ब्रेकवर पाय ठेवला की सुटतो. सुटलाच पाहिजे, कम्प्युटरला ब्रेकचा सिग्नल गेला की तो म्हणतो गाडी थांबून राहिली, सोडा. क्रूझ कंट्रोलही ब्रेकचा सिग्नल असला की लागत नाही. जुळलं का आता? रात्री तुमच्या गाडीच्या कम्प्युटरला वाटतं की ड्रायव्हर सिवनीपासून पारडीपर्यंत सव्वाशे किलोमीटर ब्रेकवर पाय ठेवून बसलाय. तो लॉक-अप लावत नाही, क्रूझ लावू देत नाही, आणि तुम्ही ८० नं येता तेव्हा ते दोन पंखे पूर्ण रस्ता एकमेकांच्या मागं-पुढं फिरून ऑइल उकळत असतात. मागून येणाऱ्या एखाद्या ट्रकवाल्यानं शिव्या दिल्या असतील तर त्याचाही दोष नाही, त्याला तुमचे ब्रेक लाइट दिसून राहिले असतील.

मग ब्रेकचा खोटा सिग्नल येतो कुठून? माझा पूर्ण संशय ट्रॉलीच्या अर्थिंगवर, म्हणजे करंट परत जायच्या वायरीवर. ट्रॉलीला मागं डबल फिलामेंटचे बल्ब असतील, एकाच बल्बात टेल लाइट अन् ब्रेक लाइट, दोघांचा अर्थ कॉमन. तो अर्थ तुटला किंवा गंजला की टेल लाइटच्या करंटला घरी जायला रस्ता राहत नाही, मग तो दुसऱ्या फिलामेंटमधून शिरतो आणि ब्रेकच्या वायरीतून उलटा गाडीकडे चालायला लागतो. जुन्या गाड्यांना मागं साधे मोठे बल्ब असत, ते हा चोरटा करंट पिऊन टाकत आणि कम्प्युटरपर्यंत काही पोचत नसे (तसाही तेव्हा कम्प्युटर कुठं होता). आता गाडीचे मागचे दिवे एलईडी असले की त्यांना करंट लागतो नावाला, मग त्या वायरीवर व्होल्टेज तसंच उभं राहतं आणि कम्प्युटर ते ब्रेक म्हणून मोजतो.

बरेच हुकवाले गाडीच्या टेल लॅम्पची वायर सोलून तिलाच ट्रॉलीची वायर गुंडाळतात, वर काळी टेप, झालं काम. आणि अर्थ? "हुकातून मिळते ना भाऊ!" हुकाच्या गोळ्यावर हे बोट बोट ग्रीस, त्याच्यातून अर्थ मिळते म्हणे.

तपासायला खर्च शून्य. आज अंधार पडला की गाडी आहे तिथंच उभी ठेवा, ट्रॉली जोडा, सॉकेट लावा, इग्निशन ऑन करा, पार्किंग लाइट लावा, ब्रेकवर पाय ठेवू नका. मागं जाऊन काचेच्या वर जो तिसरा ब्रेक लाइट असतो तो पाहा. तो मंद पेटलेला दिसला, अगदी काजव्याएवढा जरी, तरी चोर सापडला. नाही दिसला तरी सोडू नका, तुमच्या मोबाइल स्कॅनरमध्ये "ब्रेक स्विच" नावाची एक ओळ शोधा, बहुतेक ॲपमध्ये असते, ती पाय न लावता ऑन दाखवते का पाहा. आता ट्रॉलीचं सॉकेट उपटा. ऑफ झाली? परत लावा, परत ऑन? मग मला फोटो-बिटो पाठवायची गरज नाही, सरळ वायरमनकडे जा.

चालत्या गाडीत खात्री करायची असेल तर रिकाम्या रस्त्यावर, मागं कोणी नसताना, ७५-८० च्या एका लयीत, वरच्या गिअरात, ॲक्सिलरेटर न हलवता डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, लाइट पेटेल एवढाच, पॅड लागतील इतका नाही. लॉक-अप लागलेला असेल तर तो सुटतो आणि आरपीएम एकदम शे-दोनशेनं वर चढतात, पाय काढला की दोन-चार सेकंदात परत खाली. हेच दिवे लावून करून पाहा आणि दिवे बंद करून (उजेडात अर्थातच). दिवे लावल्यावर आरपीएम हललेच नाहीत तर लॉक-अप आधीपासूनच सुटलेला आहे. आरपीएमकडे शेजारी बसलेल्या पोरानं बघायचं, तुम्ही रस्त्याकडे.

आणि एक विचारतो, यंदा कधी सिवनीला जाताना अंधार पडल्यावर निघालात का? निघाला असाल तर त्या दिवशी घाटात गाडी नेहमीपेक्षा जास्त तापली असणार. आठवून पाहा.

दुरुस्तीत दोन कामं. पहिलं, ट्रॉलीच्या चेसिसवर रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, तिथं नटबोल्टनं अर्थची स्वतंत्र जाड वायर कसा आणि ती सात पिनच्या सॉकेटमधून गाडीच्या चेसिसपर्यंत सलग आणा. युरोपियन पद्धतीच्या सात पिन सॉकेटमध्ये तीन नंबरची पांढरी वायर अर्थ असते आणि सहा नंबरची लाल ब्रेकची, पण आपल्याकडे वायरमनच्या डब्यात जो रंग उरला असेल तो लागतो, म्हणून रंगावर जाऊ नका, टेस्ट लॅम्प लावून पाहा. दुसरं, ट्रॉलीच्या दिव्यांना करंट रिलेमधून (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) थेट बॅटरीवरून द्या, गाडीच्या टेल लॅम्पकडून फक्त इशारा घ्यायचा. मग पुढं ट्रॉलीचा अर्थ परत गेला तरी उलटा करंट गाडीच्या कम्प्युटरपर्यंत येणार नाही. चार रिले, फ्यूज, वायर, मजुरी, सगळं धरून काही हजारात मिटतं. सव्वा लाख कुठं अन् हे कुठं.

आता समजा मी चुकलो. तिसरा लाइट काळा ठिक्कर, स्कॅनर म्हणतो ब्रेक ऑफ, तरी रात्री तापते. मग आधी आकडाच खरा आहे का ते पाहा. मे २०२४ मध्ये नागपुरात एका ऑटोमॅटिक केंद्रानं ५६ डिग्री तापमान दाखवलं होतं, देशभर बातम्या झाल्या आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. गिअरबॉक्सच्या सेन्सरलाही असं होतं. थर्मामीटरची बंदूक मिळते ना, ती घेऊन गाडी तापलेली असताना गिअरबॉक्समधून कूलरकडे जाणाऱ्या पाइपवर धरा आणि मग परत येणाऱ्या पाइपवर. जाणारा तापलेला अन् येणारा बऱ्यापैकी कमी, तर कूलर काम करतोय. दोन्ही जवळपास सारखे तर कूलरला हवा मिळत नाही. जाणारा आगीसारखा आणि येणारा पार गार, तर ऑइल फिरतच नाहीये, कूलर आतून चोंदला किंवा लाइनमधला थर्मोस्टॅट अडकला.

हवा न मिळण्याचं आपल्याकडचं एक खास कारण म्हणजे सावरीचा कापूस. एप्रिल-मेमध्ये सावरीची बोंडं फुटतात, तो कापूस रस्त्यावर उडत असतो आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन गादी करतो. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. माझ्या स्वतःच्या गाडीतून मी एकदा मुठीएवढी गादी काढली होती, वर त्याच्यात दोन फुलपाखरं. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर मारायचं, समोरून मारलं तर कचरा अजून आत बसतो, आणि वॉशिंगवाल्याच्या प्रेशर गनला जवळ येऊ द्यायचं नाही, पाती आडवी होतात. सोबत ट्रॉलीच्या चाकांच्या हबवरही ती बंदूक धरून पाहा, चारपैकी एक हब बाकीच्यांपेक्षा खूप तापलेला निघाला तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जाम आहे, म्हणजे तुम्ही १८०० किलोच्या वर अजून एक न दिसणारं ओझं ओढून राहिले.

ऑइलबद्दल. नेहमीच्या कामात हे ऑइल ८०-९५ ला असतं. मेकॅनिक लोकांचा एक ढोबळ हिशेब आहे की ८० च्या वर दर १०-११ डिग्रीला ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे ११५ ला जवळजवळ आठवा हिस्सा उरला. १२० च्या वर लाखेसारखा थर धरायला लागतो, अजून वर गेलं की सील कडक होतात आणि मग क्लच प्लेटांची पाळी. तुमचं ऑइल काळसर झालंय पण जळलेलं नाही, म्हणजे वेळेत हटकलं. वायरिंग झालं की ऑइल बदलाच, पॅन खाली काढा, आतल्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असेल तर घाबरू नका, तो झिजेचाच असतो. चकाकणारे तुकडे किंवा काळा रवा निघाला तर मात्र त्या सव्वा लाखवाल्याला फोन लावावा लागेल.

मोठा कूलर बसवू नका असं मी म्हणत नाही, एवढं वजन ओढणाऱ्या गाडीला तो चांगलाच. पण आधी वायर, मग कूलर. नाहीतर आकडा ११८ वरून १०८ वर येईल, तुम्हाला वाटेल मिटलं, आणि लॉक-अप सुटलेलाच राहील, डिझेलही जास्त जात राहील.

घाटात गिअर मॅन्युअलला टाकून तिसऱ्या-चौथ्यात धरून ठेवत जा, चौथा-पाचवा-चौथा असा खेळ गाडीला करू देऊ नका, प्रत्येक बदलाला लॉक-अप सुटतो. आणि चढ संपल्यावर ढाब्यावर थांबलात की लगेच चावी फिरवू नका, न्यूट्रलवर हँडब्रेक लावून तीन-चार मिनिटं इंजिन चालू द्या, ऑइल कूलरमधून फिरून थोडं गार होतं. तेवढ्यात चहा येतोच.

प्रश्न : माझ्या ऑटोमॅटिक एसयूव्हीला मी शेतावर पाण्याची छोटी टाकी-ट्रॉली ओढतो. ९० हजार किलोमीटर झाले. वर्कशॉपवाले म्हणतात गिअर ऑइल लाइफटाइम आहे, बदलायचंच नाही. खरं का?
— एक वाचक, कामठी रोड

उत्तर : लाइफटाइम आहे, पण कोणाचं लाइफटाइम ते विचारलं का? गाडीच्या पुस्तकात मागच्या बाजूला "कठीण वापर" असं वेगळं कोष्टक असतं, त्याच्यात ट्रॉली ओढणं, धूळ, खूप ऊन हे येतं, म्हणजे आपलं अख्खं विदर्भ आलं. त्या कोष्टकातला आकडा पाळा.

पॅनचा नट खोलला की सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, म्हणून एकदा काढून भरा, हजारेक किलोमीटर चालवा, परत काढून भरा. ९० हजारांपर्यंत कधीच बदललं नसेल तर मशीन लावून जोरानं फ्लश करून घ्यायच्या मागं मी तरी लागणार नाही. ग्रेड पुस्तकात लिहिलंय तोच, "सगळ्यांना चालतं" म्हणून दुकानदार देतो तो डबा परत करा, चुकीच्या ऑइलनं लॉक-अप लागताना गाडी रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथरते आणि मग लोक इंजिन माउंट बदलत बसतात. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते, ऑइल ठरलेल्या तापमानाला असताना इंजिन चालू ठेवून खालच्या प्लगमधून लेव्हल बघतात, त्यामुळे स्कॅनर नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नका. जास्त भरलं तरी वाईट, फेस होतो आणि फेसानं प्रेशर पडतं. काढलेलं ऑइल गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं निघालं तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून पाणी मिसळलंय, गाडी परत चालू न करता टोइंगनं न्या.

प्रश्न : माझा छोटा मालवाहू ट्रक एएमटी ऑटोमॅटिक आहे. कळमना मार्केटमध्ये भरून निघताना गिअरबॉक्समधून जळका वास येतो. गिअर ऑइलचा कूलर कोणता बसवू?
— एक वाचक, कळमना

उत्तर : कोणताच नाही. एएमटीमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नसतोच, तुमचा गिअरबॉक्स साधा मॅन्युअल आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटार किंवा हवा करते. वास क्लच प्लेटचा आहे. मार्केटच्या गेटवर, पुढं पन्नास गाड्या, तुम्ही ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून इंच इंच सरकवत असाल, ऑटोमॅटिक आहे म्हणून. तसं करू नका, पुढची गाडी दहा-पंधरा फूट जाऊ द्या आणि मग एकदम सोडा, चढावर उभं राहायचं तर हँडब्रेक. वास तरी आला तर क्लचची झीज मोजून घ्या.